भेगेवरची काच

मी एक जुनी काचपट्टी आहे. वीतभर लांब, दोन बोटे रुंद. मित्रांनो, काच फुटली नाही की लोक तिचे कौतुक करतात. माझे काम मात्र वेळ आली की फुटणे, हेच आहे. एका जुन्या वाचनालयाच्या वरच्या सभागृहात, मागच्या भिंतीला खिडकीच्या कोपऱ्यापासून जमिनीपर्यंत भेग गेली आहे. त्या भेगेवर मला आडवे बसवले आणि माझी दोन्ही टोके चुन्यात पक्की केली. भिंत जागची हलली तर मी तडकायचे, म्हणजे माणसांना कळेल. सोपे वाटते ना? मग न हलता, न बोलता भिंतीला चिकटून राहून बघा जरा.

पूर्वी मी याच सभागृहाच्या तावदानात होते. माझ्यातून आलेल्या उजेडात लोक वाचत, पण माझ्याकडे कोणी ढुंकून पाहत नसे. पुढे वाचनालय बंद पडले. पुस्तके गेली, कबुतरे आली. कोणीतरी भिरकावलेल्या दगडाने तावदान फुटले आणि मी केरात पडले. तिथे किती वर्षे काढली ते विचारू नका, केरात कोण दिवस मोजतो?

मग सुट्टीच्या दिवशी काही माणसे येऊ लागली. त्यांना कोणी पगार देत नव्हते. कोणी जिन्याच्या कठड्याचा तेलरंग खरवडून काढी, कोणी चुना मळी, तर शिंपीकाका घरून पडदे शिवून आणत. सगळ्यांना कामाला जुंपणारा होता कप्तान. तो शाळेत खेळ शिकवायचा, म्हणून हे नाव. त्याची थोरली बहीण निवृत्त नर्स होती. तिला तो ताई म्हणे आणि बाकीचे सिस्टर. तिनेच मला केरातून उचलले, काचवाल्याकडून कापून घेतले आणि भेगेवर बसवून घेतले. माझ्याबरोबर कापलेली दुसरी पट्टी तिने कोनाड्यात ठेवून दिली. दर खेपेला ती चष्मा पुसून मला तपासायची, नाडी बघावी तशी. मला फार बरे वाटायचे.

इमारत धोकादायक ठरवून पाडून टाकायची, असे सरकारी कचेरीत घाटत होते. कप्तानने खेटे घालून मुदत मिळवली. वर्ष संपायच्या आत सभागृह लोकांसाठी उघडले तर इमारत राहणार, नाहीतर हातोडा पडणार. उद्घाटनाचा दिवस ठरला. वर मुलांची गाणी होणार होती आणि गाणाऱ्यांत कप्तानची मुलगीही होती.

तेवढ्यात एक झाड त्याच्या डोळ्यांत खुपले. माझ्या भिंतीत बाहेरच्या अंगाने ते वाढले होते आणि त्याची मुळे दगडांत शिरली होती. पाहुण्यांना ते दिसणार म्हणून कप्तानने दोर बांधला, तरुण मंडळींना हाताशी घेतले आणि झाड मुळासकट ओढून काढले. खाली टाळ्या पडल्या. पडलेले भोक चुन्याने लिंपले. आतून मला पहिल्यांदाच ओढ जाणवली आणि मी घाबरले.

त्यानंतर ती ओढ थांबलीच नाही. डावे टोक एकीकडे, उजवे दुसरीकडे. खाली रंगाचे डबे वाजत होते, हसणे-खिदळणे चालू होते आणि मी जीव मुठीत धरून बसले होते. आता तडकू की थोडे थांबू? मित्रांनो, मलाही ती माणसे आवडत होती. त्यांचा विरस माझ्यामुळे व्हावा असे कोणाला वाटेल? पण काचेच्या हातात काही नसते. उद्घाटनाच्या सकाळी, खुर्च्या मांडून होताहेत तोच, मी मधोमध तडकले. आवाज इतका बारीक होता की कोणाला ऐकूही गेला नाही.

सिस्टर नेहमीसारखी आली. चष्मा पुसला, वाकली आणि तडा बोटाने चाचपला. मग तिने भावाला हाक मारली.

कप्तानने मला पाहिले मात्र, त्याच्या तोंडचे पाणी पळाले. त्याने कोनाड्यातली दुसरी पट्टी उचलली.

"ताई, खुर्च्या लावताना कोणाचा तरी धक्का लागला असेल. आत्ता ही लावू. उद्या बघू काय ते."

"असेल, की लागलाय?"

"लागलाच असेल."

"बरं. मग तुझ्या मुलीला या भिंतीला पाठ लावून बसव. मी एक शब्द बोलणार नाही."

"आज नको ना गं असं करूस. इमारत जाईल हातची."

"माहितेय मला. बसवशील का, तेवढं सांग."

जिन्यावर पावले वाजली. "बाबा, आम्ही येऊ वर?" मुलीने खालून विचारले. कप्तान माझ्याकडे बघत होता, आणि मला वाटले, आता हा मला काढून टाकणार.

"नको," तो म्हणाला. "खालीच थांबा. सगळे मैदानात जा. पळू नका, चालत जा."

मग तो स्वतः खाली गेला. खिडकी उघडी होती, त्यामुळे मला सगळे ऐकू आले. "झाड मी उपटलं," त्याने सगळ्यांसमोर सांगितले. "त्यानंतर भिंत हललीय. आज कोणीही वर जायचं नाही." कुजबुज सुरू झाली. "काचेच्या तुकड्यावरून एवढा तमाशा," असे एक पाहुणा मोठ्याने म्हणाला. शिंपीकाकांनी खालच्या खिडक्यांचे पडदे काढले आणि ते घड्या घालत बसले. कचेरीतले साहेब वर आले, मला पाहून गेले आणि त्यांनी जिन्याला दोरी बांधली.

इमारत पाडायची की टेकू द्यायचे, हे ठरवायला एक इंजिनिअर बाई आल्या. त्यांनी लिंपलेले भोक उघडले आणि त्यांचा हात कोपरापर्यंत आत गेला. "झाडाचं मूळ भिंतीला फाडतही होतं आणि धरूनही होतं," त्या म्हणाल्या. "झाड छाटून, मूळ जागच्या जागी वाळू द्यायला हवं होतं." टेकू दिले तर इमारत वाचेल, असे त्यांनी कचेरीला कळवले आणि मुदत वाढली. कार्यक्रम झाला असता तर काय झाले असते, असे कप्तानने विचारले. "सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही."

ते 'काहीच नाही' त्याला अजून छळते. गावात लोक त्याला टोमणे मारतात. मदतीला येणारी निम्मी माणसे यायची बंद झाली. उरलेली टेकूंखाली वाकून दगड सांधतात, हळूहळू. माझ्या वरच्या बाजूला दुसरी पट्टी बसवली आहे आणि तिला तपासायला आता कप्तान स्वतः येतो. आधी तळहात पँटला पुसतो, मग बघतो. त्या क्षणी तो किती भितो, हे मला दिसते, आणि म्हणूनच मला तो पूर्वीपेक्षा जास्त आवडतो.

मित्रांनो, जुन्या इमारतींवर माया करणारे पुष्कळ असतात. त्यांना चांगलेच ऐकायचे असते, म्हणून त्यांची मला जरा धास्ती वाटते. तुम्हीही मदतीला जा. कुंचला घ्या, घमेले उचला, हात चुन्याने माखू द्या. पण आधी भेगेपाशी उभे राहा आणि तिथे बसवलेल्या माझ्या काचेच्या बहिणीकडे नीट बघा. ती तडकलेली दिसली, तर तिला बदलू नका. आधी मुलांना खाली न्या.