लुळ्या पायाची लाथ

"हलला! पाय हलला!" मांत्रिक वेपुखुलूच्या अंगणात एकच गलका उडाला. पाठीवर लिंबाएवढी गाठ घेऊन जन्मलेलं, कमरेखाली लुळं पडलेलं बाळ त्याच्या मांडीवर होतं. वेपुखुलूनं डोळे फिरवले, मंत्र पुटपुटले, तळवा चोळला आणि तो चिमुकला पाय झटक्यानं वर गेला.

"पितर पावले!" वेपुखुलू गरजला. "सासूचा नि जावयाचा हात एकमेकांना लागला, ते पाप पाठीवर उगवलंय. संध्याकाळी गाठ कापतो. पोर धावेल!"

केळीच्या आड उभी असलेली मुयामा, बाळाची आजी, संतापली. दवाखान्यातल्या नामोनो सिस्टरनं बजावलं होतं, गाठ फोडली तर पोर दगावेल. सासूनं जावयाच्या नजरेला पडायचं नाही, हा डोंगरातला रिवाज मुयामानं इमानानं पाळला. एकदाच केळीचा घड उतरवताना जावयाचा, वाबोंबाचा, हात लागला, तर हा सोंगाड्या तेवढंच धरून बसला. पण गर्दी समोर होती, नि मुयामाचा आडोसा वेपुखुलूच्या मागे, एका अंगाला होता. त्याच्या दोन बोटांतला लिंबाचा काटा तिला स्पष्ट दिसत होता.

ती तरातरा बाहेर आली. वाबोंबानं झटकन तोंड फिरवलं.

"तोंड काय फिरवता, जावईबापू? ह्याची बोटं बघा, काटा टोचतोय!" तिनं वेपुखुलूचं मनगट पिळलं. काटा मातीत पडला. बाळाच्या तळव्यावर रक्ताचा थेंब होता.

"टोचलं म्हणता, मग पोर रडलं का नाही?" वेपुखुलू ओरडला. "नि लुळा पाय हलला कसा?"

गर्दीतून नामोनो पुढे झाली. "त्याला कळलंच नाही, रडेल कशाला! चटका बसला की हात आधी मागं येतो, दुखणं मागून कळतं. तो हुकूम पाठीतला मज्जारज्जू देतो, मेंदूला विचारत नाही. बाळाचा गाठीखालचा रज्जू तेवढंच करतोय. मेंदूकडची वाट गाठीपाशी तुटलीय."

"मग ते पाप?" वाबोंबानं विचारलं.

"पोटात पहिल्याच महिन्यात एक चपटा पापुद्रा दुमडून नळी होते. तिचाच पुढे मेंदू नि मज्जारज्जू होतो. ह्याची नळी खाली मिटलीच नाही. घड उतरवताना हात कधी लागला?"

"बायकोचं पोट चांगलं पुढं आल्यावर."

"मग पाप उलटं चालत गेलं काय रे? शहरात ऑपरेशन करून पाठ बंद करतील. धावेलच असं मी म्हणत नाही. जगेल!"

पाठ उघडी राहिली हा कुणाचाच गुन्हा नव्हता. अजाण पोराला काटा टोचून त्याच्या आजीला पापीण ठरवणं, हा मात्र गुन्हाच. बाबांनो, असं मूल दिसलं तर थेट डॉक्टर गाठा.

वाबोंबानं बाळ उचललं आणि सासूच्या डोळ्यांत बघत तिच्या हातांत दिलं. हाताला हात लागला.

"आई, नीट धरा. मी मोटारसायकल आणतो."