विशूचा शब्द

उस्मानपुऱ्याच्या मागच्या त्या गल्लीतल्या सामाईक नळाला पाणी कधी येईल, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिलेला. धरण तळाला गेलेलं आणि शहर मात्र चहूकडून फुगत चाललेलं. नळ आठवड्यातून एकाच ठरल्या दिवशी सुटायचा, तोही वाटेल त्या वेळी. ज्याचा चुकला त्यानं पुढचा आठवडा शेजाऱ्यांची दारं वाजवायची.

त्या गल्लीत प्रेरणाचा साडेचार वर्षांचा विशू होता. हाक मारली तर बघायचा नाही, बोलायचा नाही, डब्याचं झाकण तासन्‌तास फिरवत बसायचा. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला होता. पाचोडचे सासरे नानासाहेब म्हणायचे, "त्याचा बापबी उशिराच बोलला." शेजारणी म्हणायच्या, बाहेरचं काहीतरी असंल. ऐकून ऐकून प्रेरणाचे कान किटले होते.

एके दिवशी विशूनं हातातलं झाकण टाकलं, नळाच्या पाइपाला कान लावला आणि म्हणाला, "आलं."

नळ ठणठणीत कोरडा होता. पण जरा वेळानं आत हवा फुसफुसली आणि खरंच धार सुटली. गल्लीतल्या बायका पाणी आल्यावर ओरडायच्या, तोच शब्द त्यानं उचलला होता. प्रेरणा तिथंच ओल्या फरशीवर बसून रडली. लेकराचा तो पहिला शब्द. पुढंही तेवढा एकच राहिला.

मग गल्लीची वागणूक बदलली. समोरच्या गोजरबाई आधी आपली नातवंडं त्याच्यापासून ओढून न्यायच्या. आता त्याच दारातून विचारायला लागल्या, "काय विशूशेठ, काय खबर?" विशूशेठ त्यांच्याकडं ढुंकूनही बघायचे नाहीत. पण तो "आलं" म्हणाला की गोजरबाई खड्या आवाजात पुकारायच्या, "आलं गं बयांनो!" घरोघरी हंडे-बादल्या खणाणायच्या आणि विशू टाचा उचलून, हात फडफडवत खदखदून हसायचा. त्या हसण्यावर प्रेरणाचा आठवडा निघायचा.

मग इंद्रजीतनं, तिच्या नवऱ्यानं, बीड बायपासच्या पलीकडं फ्लॅट घेतला. खाली बोअर, गच्चीवर टाकी, तोटी फिरवली की पाणी. प्रेरणाला वाटलं, लेकराला पाण्याचं एवढं वेड, आता खेळू दे पोटभर.

विशूला शिकवणाऱ्या मॅडमनी बजावलं होतं, "घर एकदम बदलू नका. दोन-चार वेळा नेऊन आणा. चित्रं काढून दाखवा. पुढं काय होणार हे त्याला आधी कळायला हवं." प्रेरणानं चित्रं काढलीही होती. तेवढ्यात पाचोडहून नानासाहेबांचा फोन आला.

"वास्तुशांतीचा मुहूर्त परवाचाच निघालाय. ह्यो टळला तर थेट दिवाळीनंतर."

"नाना, विशूला आधी घर दाखवायचं व्हतं."

"लेकराला काय दाखवायचं? लेकरू मायच्या मागं येतंय."

प्रेरणानं "बरं" म्हणून फोन ठेवला. खरं सांगायचं तर त्या भरल्या टाकीचा मोह तिलाही पडला होता. चित्रं कपाटात राहिली आणि सामान टेंपोत चढलं.

नव्या घरात विशू आधी किंचाळला, मग जेवेना, मग बाथरूमच्या पाइपाला कान लावून बसून राहिला. पाइप सदा भरलेला, मुका. जे कधी जातच नाही ते येणार तरी कसं? एक दिवस त्यानं कान काढून घेतला आणि पुन्हा झाकण फिरवायला लागला. शब्द गेला तो गेलाच. प्रेरणानं गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद करून, उघडून पाहिला. विशूनं मानही वळवली नाही. मॅडम म्हणाल्या, "कधी परत येतो, कधी नाही. त्याच्यावर जोर नका करू."

शेवटी विशूला जुन्या नळापाशी नेऊन बघायचं ठरवून प्रेरणानं गोजरबाईंना फोन लावला. नळाचा दिवस जवळ आला होता. या वेळी तिनं आधी चित्रं दाखवली. रिक्षा, गल्ली, नळ, गोजरबाईंचा निळा हंडा. विशूनं निळ्या हंड्यावर बोट ठेवलं, तेव्हा तिच्या जिवात जीव आला.

दोघं जुन्या नळापाशी बसून राहिली. बायका हंडे घेऊन जमल्या आणि एकीनंही तोंड उघडलं नाही. पाण्याच्या दिवशी ती गल्ली एवढी शांत कधी झाली नव्हती. दुपार कलताना विशू उठला. त्यानं पाइपाला कान लावला. सगळ्यांचे डोळे त्याच्या ओठांवर.

हवा फुसफुसली. धार सुटली. कुणीच हंडा लावला नाही.

"म्हण ना रं राजा," गोजरबाई त्याच्यापुढं वाकून म्हणाल्या. "येकडाव म्हण. आलं म्हण."

विशू धारेकडं बघत होता. त्याचे ओठ मिटलेलेच होते. आठवड्याचं पाणी फरशीवरून गटाराकडं वाहत होतं आणि दुष्काळातल्या त्या बाया रिकामे हंडे कडेवर घेऊन तशाच उभ्या होत्या.

"भरून घ्या, मावशी," प्रेरणा म्हणाली. "पाणी चाललंय."

आणि विशूचं बोट धरून ती रिक्षा बघायला निघाली.