दुकान वाढवायचंय

बाबुराव तावड्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एक काम सुनेला न विचारता केलं, आणि त्याच कामाने त्यांच्या तोंडाला काळं फासलं.

लालबागची निम्मी दुकानं एकेकाळी त्यांच्या हातच्या हिशेबाच्या लाल वह्यांवर चालायची. मग सरकारने सगळं कॉम्प्युटरवर नेलं, वह्या तर म्हणे ढगात गेल्या, आणि बाबुराव घरातल्या घरात बिनकामाचे झाले. सून मेघना टकाटक बोटं चालवायची, हे बाजूला बसून "हां, हां" करायचे. एवढा तालेवार माणूस, आणि सुनेच्या तोंडाकडे बघत बसायचा! पूर्वी गिऱ्हाईक समोर येऊन बसायचं, चहा प्यायचं, दोन शब्द जास्तच बोलायचं. आता मोबाइलवर दोन ओळी येतात आणि खाली जोडलेले हात.

तशाच दोन ओळी सुचित्राच्या आल्या. सुचित्रा मसालेवाली, गेल्या वर्षी वारलेल्या अजितची बायको. "काका, गणपतीआधी दुकान वाढवायचंय. सरकारी काय असेल ते करून टाका."

बाबुरावांनी त्या दोन ओळी परत वाचल्या. दुकान वाढवायचं म्हणजे मिटवायचं, त्यांच्या कानाला दुसरा अर्थच ठाऊक नव्हता. सुचित्रा नवी नवरी होती तेव्हा एकदा गल्ल्यावरून "दुकान बंद करते" बोलली, तर ह्यांनीच तिला दटावलं होतं, "बाय, चालत्या दुकानाला बंद म्हणू नये. वाढवलं म्हणावं." आता नवरा गेलेल्या बाईला, का वाढवतेस, म्हणून कुठल्या तोंडाने विचारायचं?

नाही विचारलं. मेघना बाहेर गेलेली. चष्मा पुसला, जीएसटीचं पान उघडलं आणि तिच्या दुकानाचा नंबर रद्द करायचा अर्ज एका बोटाने भरला. कारण काय, तर धंदा बंद. मग फोन लावला. "सुचित्रा, मोबाइलवर ओटीपी आलाय तो सांग गो." तिने नेहमीसारखा डोळे मिटून सांगितला. संध्याकाळी सुनेपुढे मान ताठ. "आज एक काम मी एकट्याने केलंय."

"अरे वा, बाबा," म्हणून ती कुकर लावायला गेली. बघितलं नाही तिनेही.

काही दिवसांनी सुचित्राचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह. "काका, काळाचौकीचा गाळा बघायला कधी येताय? नवा पत्ता चढवलात ना? उद्या करार आहे, त्याला जीएसटीचा नंबर लागतो."

"कसला गाळा?"

"अहो, दुकान वाढवतेय ना मी! लिहिलं नव्हतं तुम्हाला?"

बाबुरावांनी मेघनाला हाक मारली आणि काय केलं ते सांगितलं. मेघनाने लॅपटॉप ओढला, वाचलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा, काय करून बसलात!"

"अर्ज मागे घेता येतो काय गो?"

"जीएसटीच्या साहेबाने अजून मंजूर केला नसेल तर. पण परत ओटीपी तिच्याच मोबाइलवर जाणार. तुम्ही फोन करा, रिटर्नचा आहे म्हणून सांगा. ती कुठे विचारते?"

बाबुरावांनी फोन उचललाही. मग खाली ठेवला. "विचारलं नाही म्हणूनच तर हे झालं," म्हणाले आणि चपला घातल्या. "मी तिच्यासमोर जातो. तू पान उघडं ठेव."

दुकानात डंखाचं मशीन धडाधड मसाला कुटत होतं. सुचित्रा नवी पाटी फडक्याने पुसत होती. "अजित मसाले, काळाचौकी." बाबुरावांनी खोकत खोकत सगळं सांगितलं. तिने डंख थांबवला.

"माझं दुकान मी मिटवीन? नवरा गेला म्हणून माझे हातपाय पण गेले काय?"

"मला वाटलं..."

"वाटायचं काम माझं, काका! तुमचं काम विचारायचं."

बाबुरावांनी मेघनाला फोन लावला. सुचित्राचा मोबाइल वाजला, ओटीपी आला. तिने एकेक आकडा वाचला, बाबुरावांनी एकेक आकडा मेघनाला फोनवर सांगितला. मनात लालबागच्या राजापासून गावच्या रवळनाथापर्यंत सगळ्यांना हाका मारून झाल्या.

"मेघना?"

"बाबा, मागे जात नाही. कालच मंजूर झालाय. नंबर गेला."

"मग तोच परत चालू करून घे ना!"

"आपणच मागितलंय ना बंद करा म्हणून. आता नवीन काढायला लागेल. कधी मिळेल ते नाही सांगता यायचं."

सुचित्राला ऐकू गेलं होतं. "गाळेवाला उद्याच्या पुढे थांबणार नाही," ती हळू म्हणाली. "दुसरं गिऱ्हाईक त्याच्या दारातच बसलंय. आणि हॉटेलवाल्यांचा माल? तो कुठल्या बिलावर देऊ?"

तिने पाटी उलटी करून भिंतीला टेकवली आणि शटर ओढायचा आकडा हातात घेतला. तेवढ्यात पिशवी घेऊन एक म्हातारी आली.

"एवढ्यात बंद केलंस काय गो?"

"नाही मावशी, वाढव..." सवयीने निघालेला शब्द सुचित्राच्या तोंडातच अडकला. तिने बाबुरावांकडे बघितलं.

बाबुराव पुढे झाले, शटरला हात लावायला गेले.

"हात लावू नका, काका," ती म्हणाली. "तेवढं तरी माझं मला करू द्या."