अंगठ्याएवढा पोचा

हिरूबुवांची दृष्टी एकदम गेली नाही. आधी पोथीतली अक्षरं गेली, मग समोर बसलेल्यांचे चेहरे, आणि शेवटी समईची ज्योतसुद्धा. कीर्तन मात्र होतं तसंच राहिलं. उलट मला वाटायचं, बुवा आता आपल्याला बघत नाहीत, तर थेट आतलंच ऐकतात. म्हणून त्यांच्यापुढं खोटं बोलायला जीभ वळत नसे. तरी एकोणऐंशीच्या माघात मी त्यांच्याशी खोटं बोललो, आणि तेही एका मडगार्डापायी.

मी तेव्हा कर्जत स्टेशनाबाहेर टॅक्सी चालवायचो. अठ्ठावन्न सालची फियाट, एका डॉक्टरांनी काढून टाकलेली. बुवा राहायचे खालापुरात. आसपास कुठंही सप्ताह बसला आणि बुवांचं कीर्तन असलं की त्यांना न्यायला-आणायला मीच. भाडं घ्यायचा प्रश्न नव्हता. मृदंगाला पाठ लावून बसायला मिळायचं, टाळ वाजवायला मिळायचे, एवढ्यावर माझा महिना जायचा.

बुवांची एकच अट होती, गाडीत बसताना कोणी हाताला धरायचं नाही. देवळातून बाहेर आले की काठी टेकत गाडीच्या नाकापर्यंत यायचे, डावीकडचा दिवा चाचपायचे आणि डावा तळवा मडगार्डावरून सरकवत मागं न्यायचे. त्या जुन्या फियाटचं पुढचं दार उलटं उघडायचं, त्यामुळं मडगार्ड संपलं की लगेच दाराची मूठ. बुवांचा हात ठरल्या जागी खाली उतरायचा आणि बरोब्बर मुठीवर पडायचा. दार उघडून आत बसायचे, दार स्वतः लावायचे. गावोगावची माणसं पायात चपला न घालता उभी राहून ते बघत. अंबूबाई, म्हणजे बुवांच्या घरच्या, म्हणायच्या, घरात पाण्याचा तांब्या हातात द्यावा लागतो, पण सहदेवची गाडी आली की यांच्या अंगात तरणा गडी शिरतो.

तर ते मडगार्ड गेलं. नेरळहून येताना एक म्हैस आडवी आली, तिला वाचवायला गेलो आणि गाडीचा डावा गाल मोरीच्या कठड्यावर बसला. बुवा गाडीत नव्हते, ही देवाची कृपा. दिवा लोंबत होता, पुढचा पत्रा फाटून आत दुमडला होता.

खालापूरच्या नाक्यावर गजाचं पत्र्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे चिंचेखाली चार खांब. गजानं मडगार्डाच्या आत हात घालून गंज चोळला, बोटं माझ्यापुढं धरली आणि सांगितलं की हे ठोकून सरळ होणार नाही, पापडासारखं मोडेल. नवंच घालावं लागेल. कंपनीचं आणा, नाहीतर तो हातानं घडवून देईल, जुन्याचं माप समोर आहेच.

झालं, तिथून माझ्या डोक्याचा भुगा सुरू झाला. पोशीरचा सप्ताह आठ दिवसांवर आला होता आणि काल्याचं कीर्तन बुवांचं. तोवर गाडी अशी उभी राहायला हवी होती की बुवांच्या हाताला काही कळू नये. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. बुवांना मी सांगून टाकलं की इंजिनाचं काम काढलंय.

टॅक्सीस्टँडवर नामा म्हणाला, कंपनीचंच घे, भोकाला भोक बसतं, नट हातानं फिरतो. रसायनीच्या कारखान्यात जीप चालवणारा येसाजी म्हणाला की कंपनीचं म्हणून जे विकतात ते निम्मं कंपनीचं नसतंच. वर सांगू लागला की आता पत्रा पूर्वीसारखा जाडही येत नाही, त्यापेक्षा गजाच्या हातचा जाड पत्रा बरा. मग ते दोघंच भांडत बसले आणि माझ्या गाडीचा विषय येसाजीच्या मेव्हण्याच्या स्कूटरवर गेला. घरी बायकोला, सुंदराला, विचारलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "बुवांना जे कळनार नाय ते घ्या." तेच तर मला कळत नव्हतं.

मुंबईला स्पेअर पार्टच्या गल्लीत गेलो, तिथं तर आणखी गोंधळ. एका दुकानदारानं तीन मडगार्डं ओळीनं मांडली. पहिल्यावर कंपनीची चिठ्ठी. दुसऱ्यावरही तीच चिठ्ठी, पण ते स्वस्त. तिसऱ्यावर काहीच नाही. मी विचारलं, पहिल्या दोन्हींत फरक काय. तो म्हणाला, पहिलं खरं कंपनीचं. मग दुसऱ्यावर चिठ्ठी कशी? तर म्हणे, ती पण कंपनीचीच, चिठ्ठी. मी तिन्हींवर टिचकी मारून पाहिली. तिन्ही तशीच वाजली. दुकानदार हसून म्हणाला, "तबला घ्यायला आलायत का?" मी काही न घेता परत आलो.

दुसऱ्या दिवशी खालापुरातच बुवांचं कीर्तन होतं, घरापासून चालत जाण्यासारखं. मी मनाशी ठरवलं, आज बुवा जे बोलतील तोच कौल. बुवांनी निरूपणात सोनाराचा दृष्टांत घेतला. बांगडी मोडा, पाटली करा, तोडे करा, सोनं तेच. मी टाळ वाजवता वाजवता मान डोलावली, ठरलं, अस्सल ते अस्सल, कंपनीचं घ्यायचं. अर्ध्या तासानं बुवा कुंभाराकडे वळले. माती सगळीकडे सारखीच, पण घडवणाऱ्याचा हात फिरला म्हणून तिच्यात पाणी राहतं. मी पुन्हा मान डोलावली, आता गजा. तेवढ्यात मृदंग वाढला, माझे टाळ चुकले आणि शेजारच्या मोरूनं मला कोपर मारलं. बुवा परमात्म्याविषयी बोलत होते आणि मी मडगार्ड ऐकत होतो. इतक्या वर्षांत कीर्तनातून इतका गोंधळून मी कधी उठलो नव्हतो.

शेवटी सोन्यावर गेलो. बुवांसाठी घ्यायचं तर चांगल्यातलं चांगलं घ्यावं, असं मनाला समजावलं. पुन्हा मुंबई गाठली, ते पहिलं मडगार्ड घेतलं, गोणपाटात गुंडाळून खोपोलीच्या ट्रकवर टाकलं आणि गजाकडे उतरवलं.

तर गजानं त्याचं मडगार्ड आधीच घडवून ठेवलेलं. मी हो-नाही काही म्हटलं नव्हतं, पण त्याच्या हाताला दम धरवत नव्हता. जुनं मडगार्ड लाकडाच्या ओंडक्यावर बांधून, पुढचा चुरगळलेला भाग अंदाजानं उठवून, वाळूच्या पिशवीवर पत्रा ठोकून ठोकून त्यानं ते काढलं होतं. चिंचेच्या सावलीत आम्ही दोन्ही शेजारी ठेवली. कंपनीचं काळं, गुळगुळीत. गजाचं पांढरं, अंगभर हातोडीचे बारीक डोळे. वळण मात्र हुबेहूब. मी कौतुकानं हात फिरवत मागं गेलो आणि दाराकडच्या टोकाशी माझं बोट एका खळग्यात गेलं. अंगठ्याएवढा पोचा.

तो पोचा माझ्या ओळखीचा होता. चार वर्षांपूर्वी पोशीरलाच, दिंडी निघाली तेव्हा एका बैलगाडीच्या जुवाचं टोक लागून पडला होता. तेव्हापासून मला त्याची लाज वाटायची. काढून घेईन म्हणता म्हणता राहून गेलेला. आणि गजानं तो नव्या पत्र्यात मन लावून घडवला होता, जुन्यात जेवढा खोल तेवढाच.

मला हसू आवरेना. "गजा, पोचा पन नवा दिलास रं!"

गजाचं तोंड उतरलं. तो म्हणाला, "मी काय गाडी बनवनारा हाय का? जुन्यात हाय ते नव्यात ठोकलं. मला वाटलं, पान्याला वाट असंल." मी आणखी हसलो. नाक्यावरचे दोघे-तिघे हसले. गजानं कंपनीचं मडगार्ड उचललं आणि गाडीला लावायला घेतलं. भोकाला भोक बसलं, नामा म्हणाला होता तसंच. रंग दिल्यावर गाडी दहा वर्षांनी लहान दिसू लागली.

पोशीरकरांनी बुवांना आदल्या दिवशीच नेलं होतं. मी काल्याच्या दिवशी गाडी घेऊन पोचलो आणि देवळासमोर अशी उभी केली की डावी बाजू सगळ्यांना दिसावी. काल्याचं कीर्तन तर असं रंगलं की दहीहंडी फुटली तरी माणसं हलेनात. मी डोळे पुसतच गाडीशी येऊन उभा राहिलो. मडगार्ड-बिडगार्ड सगळं विसरलो होतो.

बुवा आले. कपाळाला बुक्का, गळ्यात झेंडूचा हार. लोकांनी वाट करून दिली. त्यांनी काठीनं बंपर शोधला, दिवा चाचपला आणि तळवा मागं सरकवायला लागले. नव्या रंगावरून हात पाण्यासारखा सरकला. मडगार्ड संपलं, मूठ मागं राहिली, आणि हात दाराच्या काचेवर जाऊन थांबला. बुवा परत गाडीच्या नाकाशी गेले, पुन्हा दिव्यापासून सुरू केलं. या वेळी हात फार हळू होता. वाटेत अंगठा काहीतरी शोधत होता, पत्रा दाबून बघत होता. मग हात उचलला गेला आणि तसाच हवेत राहिला.

बुवांनी काठी सरळ धरली आणि गाडीकडे तोंड करून, एखाद्या परक्या घराच्या ओसरीवर चुकून चढलेल्या माणसासारखं म्हणाले, "माफ करा हां. आमची गाडी दुसरी हाय. सहदेव, कुठं हायेस रं?"

मी अगदी त्यांच्या शेजारी होतो. पण मला पुढं होता येईना. शेवटी मी त्यांचा हात धरला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि त्यांना गाडीत बसवलं. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. त्यानं मला जास्त लागलं.

गाडी गावाबाहेर आली तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. म्हैस, मोरी, इंजिनाचं खोटं, तीन मडगार्डं, सोनार आणि कुंभार. सोनार-कुंभारापाशी बुवा जरासे हसले. कर्जतचा उतार लागल्यावर म्हणाले, "तिथं एक खळगा होता. अंगठा त्याच्यात बसला का हात खाली सोडायचा. मला वाटायचं, तो तू माझ्यासाठीच ठेवलायस."

चार वर्षं ज्याची मी लाज धरली, तो बुवांचा उंबरा होता.

सकाळी बुवांना घेऊनच गजाकडे गेलो. म्हटलं, तुझं मडगार्ड काढ. गजानं ते आणलं, खाली बघत. मी मागच्या टोकाला बोट लावलं. पत्रा सपाट. लोक हसले म्हणून त्याच संध्याकाळी त्यानं तो पोचा ठोकून काढून टाकला होता. वर कानशीनं घासूनही ठेवलं होतं.

आता माझ्यापुढं दोन मडगार्डं, दोन्ही निर्दोष, आणि दोन्ही निकामी. मी गजाला म्हटलं, गाडीवर आहे त्याच्यातच पाड पोचा. तो मागं सरकला. कंपनीच्या कोऱ्या रंगलेल्या पत्र्याला आपल्या हातानं पोचा पाडायचा? जन्मभर पोचे काढत आलोय, असं म्हणून त्यानं लाकडी मोगरी माझ्या हातात दिली. मी ती उचलली आणि परत ठेवली. माझाही हात होईना. नाक्यावरचा जो तो सल्ला देऊ लागला. कोणी म्हणे बाहेरून बटण चिकटवा, कोणी म्हणे दोरी बांधा. बुवांनी दोन्ही मडगार्डांवरून हात फिरवला, पुन्हा फिरवला. त्यांनाही ठरवता येत नाही असं मला दिसलं.

"मला तर दोनी परकीच," ते म्हणाले. मग गजाच्या पत्र्यावर हात ठेवून विचारलं, "याच्यात एकदा होता ना तो? मग याच्यातच पाडा. कंपनीच्याला त्याची ओळख नाय."

गजानं आपलं मडगार्ड गाडीला लावलं. चार भोकांपैकी दोन सरकली, ती त्यानं रेटून बसवली. रंग नव्हता, काही नव्हतं. बुवा दिव्यापासून हात सरकवत आले, एका जागी अंगठा टेकवून थांबले आणि गजाला म्हणाले, हितं. गजानं त्यांच्या अंगठ्याभोवती खडूनं गोल काढला. बुवांनी हात काढला. मग त्यानं मोगरीच्या गोल टोकानं एक घाव घातला, जरा थांबून दुसरा. नंतर तोंड फिरवून कपाळ पुसलं.

बुवा पुन्हा दिव्यापाशी गेले. हात सरकत आला, अंगठा खळग्यात बसला, हात खाली उतरला. मुठीच्या चार बोटं अलीकडे पडला. त्यांनी चाचपून मूठ धरली.

गजा घाबरून म्हणाला, "चुकला का वो बुवा?"

"थोडा पुढं झालाय," बुवा म्हणाले. "ऱ्हाऊ दे. तेवढं मी शिकन."

त्यांनी दार उघडलं, बसले आणि दार स्वतः ओढून घेतलं.

कंपनीचं मडगार्ड अजून माझ्या पडवीत गोणपाटात आहे. गाडीचा डावा गाल उजव्याशी जुळत नाही, हे स्टँडवर सगळ्यांना दिसतं. नवीन माणूस विचारतो, ओरिजिनल घातलं नाही का हो? मी सांगायला तोंड उघडतो, कुठून सुरू करावं ते मला समजत नाही, आणि मी आपला खिशातल्या पुडीतला बुक्का काढून त्याच्या कपाळाला लावतो.