बोडीची पाळ आणि मी धुम्मस

मी एक जुना धुम्मस आहे, मित्रांनो. माती ठोकून घट्ट करणारा. अंगाने जड आणि स्वभावाने त्याहून जड. वरून खाली पडणे एवढेच मला येते, पण ते मी मन लावून करतो.

माझे अंग बीजा नावाच्या झाडाच्या टणक लाकडाचे. मूल नावाच्या शहरातल्या नवाबभाई लोहारांनी पायात लोखंडी कडे बसवले आणि हा नातवंडांनाही पुरेल, असा शब्द दिला. पुढे सुगंधाबाई नावाच्या शेतकरी बाईच्या घरी राहून मी गावातल्या कितीतरी घरांची भुई ठोकली. मग घराघरांत फरशी आली आणि मी सांदीत गेलो. माझ्या डोक्यावर कोंबड्या झोपू लागल्या. त्याचे मला फार वाईट वाटे.

१९९८ साली सरकारच्या पाणलोट योजनेतून गावची बोडी दुरुस्त करायचे ठरले. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारे छोटे तळे. तिची मातीची पाळ, म्हणजे बांध, कधीचीच फुटली होती. पाऊस यायचा आणि शेतातली माती घेऊन नाल्याला लागायचा. पाळीच्या अगदी खाली सुगंधाबाईचे शेत. दिवाळीच्या तोंडावर शेवटचे पाणी मिळत नसे, म्हणून तिचा धान दाणा भरण्याआधीच वाळायचा. नवी पाळ टिकली तर तिचे शेत पिकणार होते आणि फुटली तर सर्वांत आधी तिचेच वाहून जाणार होते.

कृषी सहायक हेमराजभाऊंनी काम समजावले. मातीचा थर टाकायचा, पाणी शिंपडायचे, ठोकायचे, मगच दुसरा थर. कोंबड्यांना हाकलून मला बाहेर काढले! टाकीचे घाव सोसून दगडाचा देव होतो, माझे घाव सोसून मातीची पाळ झाली.

पण मे महिन्यात विड्यांसाठी लागणाऱ्या तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला. आमच्याकडे पत्ता तोडायचे दिवस आले की अख्खे गाव जंगलात जाते, घरी राहतात ते म्हातारे आणि मांजरे. पाळीचे मोहाच्या झाडाकडचे टोक तेवढे राहिले होते. लोकांनी तिथे घाईघाईने कोरडी माती ओतली, वरून सारखी केली आणि निघाले. पत्ता संपेपर्यंत सगळे ते विसरून गेले. मी विसरलो नव्हतो, कारण तिथे मी एकदाही पडलो नव्हतो. पण धुम्मस बोलणार कसा?

मृगाचे ढग दिसू लागले तेव्हा सुगंधाबाई मला घरी न्यायला पाळीवर आली. दम घ्यायला ती नेमकी मोहाखाली थांबली आणि तिने मला हळूच खाली टेकवले. मी वीतभर रुतलो. तिने उपसून पुन्हा टेकवले, मी पुन्हा रुतलो. तिचा चेहरा उतरला.

तिने गावात सांगितले. तिचा शेजारी पत्रू म्हणाला, पावसाने माती आपोआप बसेल.

"बसन नाई भाऊ, वाहून जाईन," ती म्हणाली. "पत्त्यापाई आपणच हे टोक कच्चं सोडलं. मी खोदाले चालली. ज्याले यायचं त्यानं या."

ती एकटीच खोदू लागली. थोड्या वेळाने पत्रू मान खाली घालून आला. मग गाव आले. हेमराजभाऊ स्वतः डोक्यावरून पाण्याच्या घागरी आणत होते. कच्ची माती तळापासून काढली आणि मी पडू लागलो. माझे कडे निखळले, तर नवाबभाई मूलहून हातोडा घेऊन धावत आले. शेवटचा थर ठोकला आणि पाऊस कोसळला.

बोडी काठोकाठ भरली. सारे गाव भिजत पाळीवर उभे होते. सुगंधाबाई मोहाकडच्या टोकाला खाली उतरली आणि तिने मातीला तळवा लावला. माती घट्ट होती. जास्तीचे पाणी निमूटपणे सांडव्यातून जात होते.

"टिकली," ती म्हणाली आणि ढसाढसा रडली. मलाही भरून आले.

त्या दिवाळीत तिच्या धानाला शेवटचे पाणी मिळाले. लोंब्या भाराने वाकल्या. पोळ्याला बैलांची पूजा होते, तशी आता पोळ्याला माझीही होते. शेजारची गावे मला मागून नेतात. आणि आमच्या गावात नवा नियम झाला आहे, पाळ ठोकून पाहिल्याशिवाय पत्त्याला कुणी जात नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादी पाळ असेल. वरून चांगली दिसते म्हणून बेफिकीर राहू नका. पावसाआधी तिच्यावर काहीतरी जड टेकवून पाहा. रुतले, तर मला बोलवा. मी म्हातारा झालो आहे, पण पडायला मला अजून छान येते.