चौथी रिंग

पिठाच्या डब्यावर ठेवलेला फोन थरथरला आणि डब्याचं झाकण किणकिणलं. बाळाचे डोळे नुकते जड होत आले होते, घर चिडीचूप होतं. एक रिंग. दोन. तीन. मग बंद.

"मावशी," ठकी कुजबुजली. "बरी आहे ती."

"हो, बरी आहे," मी म्हटलं आणि बाळाला थोपटत राहिले.

ही खूण माझ्या धाकट्या बहिणीनंच ठरवली होती, ठकी महिन्याची असताना. ठकीची झोप म्हणजे कानोसा घेत पडलेलं मांजर. फोन उचलायला मी उठले की तिचा भोंगा सुरू. धाकटी म्हणाली, "ताई, मी तीन रिंगा देऊन ठेवत जाईन. म्हणजे मी पोचले, जेवले, ठीक आहे. तू उठूच नकोस. चौथी वाजली तर मात्र धावत ये. मग तुझी लेक घर डोक्यावर घेऊ दे."

चार वर्षांत चौथी एकदाच वाजली, महिनाभरापूर्वी. तिला आठवडाभर झोप नव्हती. शेजारच्या भिंतीतून कुणीतरी आपलं नाव घेतंय, असं ती म्हणत होती. मी धावत गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही तिला मनोरुग्णालयात भरती केलं. तिचा मोबाइल कपाटात गेला. वॉर्डातल्या फोनवरून बुधवारी आणि रविवारी दुपारी बोलता येईल, कुणाची नावं लिहू, असं सिस्टरांनी विचारलं. धाकटीनं एकच सांगितलं. "फक्त ताई."

तेव्हापासून दर बुधवारी, दर रविवारी तीन रिंगा.

मधल्या काळात बाळाला खोकला झाला, तो उतरेपर्यंत ठकीला ताप. रुग्णालय बसनं चार तासांवर. पुढच्या आठवड्यात जाऊ, पुढच्या आठवड्यात जाऊ, असं करत महिना गेला. एकदा मी ऑफिसात फोन करून विचारलं, तर "जेवतात, औषध घेतात" एवढं कळलं. तेवढं मला पुरलं. खरं सांगायचं तर मला तेवढंच हवं होतं. तिसऱ्या रिंगेनंतर फोन गप्प झाला की माझा जीव भांड्यात पडायचा, आणि मी पुन्हा बाळाकडे वळायचे.

मग एका बुधवारी फोन वाजलाच नाही. रविवारीही नाही.

सोमवारी मी ठकीला घेऊन निघाले. बाळ त्याच्या बाबांकडे. "मी काय पहिल्यांदा सांभाळतोय का?" असं म्हणत त्यांनी लंगोट उलटा बांधला. तो मी नीट करत बसले असते तर बस चुकली असती.

वॉर्डाच्या दाराशी जाळीची खिडकी होती. आत टेबलावर काळा फोन, आणि फोन लावून देणारे एक वयस्कर कर्मचारी. वॉर्डातल्या सगळ्या जणी त्यांना मामा म्हणत होत्या. मी नाव सांगितल्यावर सिस्टर बाहेर आल्या, हातात एक कागद घेऊन.

"भेट नको म्हणते ती. फोनही नको. लिहून दिलंय."

अक्षर धाकटीचंच, प्रत्येक शब्दावरची रेघ थोडी पुढे गेलेली. 'ताईला माझा त्रास होतो. यादीतून तिचं नाव काढावं.' खाली सही.

"अहो, पण मी सख्खी बहीण आहे तिची."

"माहीत आहे. तिनं कुणाशी बोलायचं ते आम्ही अडवत नाही. मग कुणाशी बोलायचं नाही, हेही तिनंच ठरवायचं. तो तिचा हक्क आहे, ताई. आणि आता ती ठरवण्याइतकी बरी झाली आहे."

"मी कधी म्हटलं त्रास होतो म्हणून?"

"तुम्ही फोन उचलला नाहीत. आठ वेळा."

मला आधी कळलंच नाही. मामा जाळीआडून म्हणाले, "मीच लावायचो. रांगेत बावीस जणी, फोन एक. तीन रिंगांत उचलला नाही की पुढची. मी तुमच्या बहिणीला सांगायचो, पोरी, उचलत नाहीत. त्या म्हणायच्या, मामा, थोडा अजून वाजू द्या ना, ती धावत येते."

"मग वाजू द्यायचा होता," सिस्टर म्हणाल्या.

"सगळ्यांचा अजून थोडा अजून थोडा वाजवत बसलो तर शेवटचीला दिवेलागणीपर्यंत उभं राहावं लागेल." मग माझ्याकडे बघून ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "रिंग त्यांना ऐकू येत नाही ना. आवाज माझ्याच कानात."

मी त्यांना खूण समजावून सांगितली. मामांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुसतच राहिले.

"तुम्ही सांगा ना तिला," मी सिस्टरांना म्हटलं. "दोन वाक्यं आहेत."

"तुमचं नाव काढलं की कानांवर हात ठेवते. मी जबरदस्तीनं ऐकवलं तर माझ्यावरचाही विश्वास जाईल, आणि सध्या तो एकच आहे तिच्याकडे. पत्र लिहा. पत्र आम्ही उघडत नाही आणि अडवतही नाही. तिच्या हातात देईन. वाचायचं की नाही, ते तिचं."

बाकड्यावर बसून मी लिहिलं. तीन ओळींच्या वर हात चालेना. ठकीनं मागच्या बाजूला मावशी काढली, केस पायांपर्यंत. सिस्टर पाकीट घेऊन आत गेल्या आणि थोड्या वेळानं परत आल्या.

"घेतलं."

"वाचलं?"

"उशीखाली ठेवलं. खिडकीकडे तोंड करून बसली आहे."

पायऱ्या उतरताना ठकीनं माझं बोट घट्ट धरलं होतं. पाचव्या-सहाव्या पायरीवर ती थांबली.

"आई, चिठ्ठीत काय लिहिलंयस?"

"की मी तिच्यावर रागावले नाही. मला वाटलं, ती बरी आहे."

"मग ती उघडत का नाही?"

"तिला वाटतं, मी रागावले आहे."

खालून वर येणाऱ्या एका बाईंना वाट देण्यासाठी आम्ही भिंतीला टेकलो. त्या गेल्यावर ठकीनं मान वर केली.

"मग तिला उघड म्हणून कोण सांगणार?"