भिंतीवरचा बारका हात

"धर त्याचा हात, सत्ये. टेकव भिंतीले. हालू देऊ नको."

पन्नासावर वर्षं झाली, पण गुहेत पाय टाकला की सत्यभामेला आधी आईचा हा आवाज ऐकू येतो, वटवाघळांची फडफड मग. देवीची साथ आली तेव्हा गावानं त्यांचं बिऱ्हाड शिवेबाहेर काढलं, नि मुकुटबनच्या रस्त्यापलीकडची ही गुहाच घर झाली. दरसाल घर सारवलं की लेकरांचे हात चुन्यात बुडवून भिंतीवर उमटवायची त्यांच्याकडे रीत. आई म्हणाली, भिंत नाही तर दगड तरी. धाकट्या भावाचा, पाच वर्षांच्या भीमराजचा, तापानं कढत हात सत्यभामेनं धरला, उमटवला. आठ दिवसांत तो गेला.

पुढे गुहेत शेळ्या बसल्या, पत्त्यांचे डाव रंगले, एका बाबानं दोन उन्हाळे धुनी पेटवली. त्या हाताचं कुणाला काही नव्हतं, आणि सत्यभामेला तेच बरं होतं. मग कुणीतरी मोबाइलवर फोटो टाकला नि वणी-पुसदहून गाड्या सुरू झाल्या. तोंडाशी पाटी लागली, 'आदिमानवाचा हात'. आणि माहिती सांगणारा कोण, तर तिचाच जावई, इंद्रजित. जावयाला चारचौघांत खोटं पाडायचं कसं? ती डोक्यावरचा पदर ओढून गुहा झाडायची नि दातांनी ओठ धरायची.

"किती जुना आहे हो?" आज एकानं विचारलं.

"वीस हजार वर्षं धरा."

मागच्या आइतवारी दहाच होती, सत्यभामा मनात म्हणाली.

"इतका बारका काहून?"

"तवाचे लोकच बुटके होते ना भाऊ."

"आणि अंगठ्यापाशी पुसट?"

"वाघानं चावलं असन."

सत्यभामेचा झाडू दगडावर जरा जास्तच वाजला. चिप्सनं तेलकट झालेला तळवा त्या हातावर ठेवत एक बाई म्हणाली, "मावशी, सरका ना, फोटोत येऊन राह्यल्या तुम्ही."

ती सरकली. किती वर्षं सरकतच आली होती.

लोक गेले, तसा इंद्रजितनं पिशवीतून रंगाचा डबा काढला. "मामी, फोटोत फिका येते हा. पांढरा ऑइलपेंट मारतो, बोटंही जरा लांब करून टाकतो. बुटका मानूस कोनाले पटत नाही."

"राहू द्या, जवाईबुवा."

"तुम्हाले यातलं नाही समजत."

ब्रश डब्यात बुडाला. सत्यभामेनं झाडू टाकला आणि ब्रश नि भिंत यांच्यामध्ये आपला सुरकुतलेला हात धरला. पांढरा रंग तिच्या बोटांवर ओघळला. पदर खांद्यावर आला, तो तिनं सावरला नाही.

"वाघानं नाही चावलं," ती म्हणाली. "मायनं सांगतलं होतं, हालू देऊ नको. मी घट्ट धरला, तरी तापानं थरथरला तो. पाच वर्षांचा होता. बोटं लांब कायले करता त्याची? माह्या भावाचा हात हाये तो."